मदत हवी आहे: पावसातली शर्यत कधी थांबवायची, हे नेमकं कशावरून ठरतं?

मंडळी, नमस्कार.

फॉर्म्युला वन मी गेली काही वर्षं नेमाने बघते. शर्यतीच्या दिवशी पाऊस आला की आमच्या घरात दोन तट पडतात. धाकट्या भावाचं म्हणणं असं, की शर्यतीत खरी जान पावसानेच येते आणि हल्ली जरा भुरभुर झाली की सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी) बाहेर काढतात. मला त्याचं निम्मं पटतं. २०२४ ची ब्राझीलची शर्यत आठवा. मॅक्स व्हर्स्टॅपन १७ व्या जागेवरून निघून जिंकला आणि त्याच्या मागे एस्तेबान ओकॉन आणि पिएर गॅस्ली, म्हणजे अल्पिन संघाच्या दोन्ही गाड्या! कोरड्या ट्रॅकवर त्या मोसमात कोणी अशी कल्पनाही केली नसती.

पण २०१४ ची जपानमधल्या सुझुकाची शर्यत मला विसरता येत नाही. ओल्या वळणावर आद्रियान सुटिलची गाडी बाहेर गेली, ती उचलायला क्रेनचा ट्रॅक्टर आत आला आणि पुढच्याच फेरीत ज्यूल्स बियांकी त्याच जागी घसरून त्या ट्रॅक्टरवर आदळला. नऊ महिन्यांनी, जुलै २०१५ मध्ये तो गेला. तिथे वेग कमी करायला सांगणारे पिवळे झेंडे हलत होते, तरीही हे झालं.

तर मदत हवी आहे ती अशी. फुल वेट टायर (जोराच्या पावसासाठीचा खाचांचा टायर) ताशी ३०० किमी वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, असं तो बनवणारी पिरेली कंपनी सांगते. हा एका टायरचा आकडा. इतका दमदार टायर हाताशी असताना जोराचा पाऊस आला की लाल झेंडा दाखवून शर्यत का थांबवतात? आणि तो झेंडा योग्य वेळी दाखवला की घाईने, हे आपण टीव्हीसमोर बसून कसं ओळखायचं? कृपया कारणासकट समजावून सांगा.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नातच उत्तराचं टोक आहे. ते ८५ लिटर पाणी जातं कुठे? हवेत. चार टायर धरले तर सेकंदाला ३४० लिटर, आणि ते सगळं मागच्या गाडीच्या वाटेत. टायर जितका चांगला, तितका मागचा चालक आंधळा.

पकड आणि दिसणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आपण ते एकच धरतो. पकड कमी असेल तर चालकाच्या हातात उपाय असतो: वेग कमी करायचा, ब्रेक लवकर लावायचा, वळणाला बाहेरून जायचं. शहाणा चालक त्यातून तरतो. पण दिसतच नसेल तर? तुम्ही शहाणपणाने वेग कमी केलात आणि मागच्याने केला नाही, तर तुम्हीच त्याच्या वाटेतली भिंत झालात. इथे कौशल्य आणि सावधपणा दोन्ही कामाला येत नाहीत. माझ्या मते शर्यत थांबवण्याची खरी रेषा हीच आहे.

उदाहरण द्यायचं तर २०२५ ची इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची शर्यत. कॉप्स वळणाकडे येताना इसाक हाजारला समोर किमी अँटोनेली आहे हे दिसलंच नाही. तो त्याच्या मागच्या बाजूला धडकला आणि भिंतीत गेला. सुदैवाने इजा झाली नाही. जुलै २०२३ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला फॉर्म्युला रिजनल या खालच्या गटाच्या पावसाळी शर्यतीत मात्र डिलानो फान्ट हॉफ हा १८ वर्षांचा मुलगा अशाच फवाऱ्यात झालेल्या अपघातात गेला.

फवारा कमी करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. एफआयए या नियामक संस्थेने चाकांवर मडगार्डसारखी झाकणं बसवून २०२३ मध्ये सिल्व्हरस्टोनला आणि २०२४ मध्ये फियोरानोला चाचण्या घेतल्या. फरक पुरेसा पडला नाही, कारण पाणी फक्त चाकं उडवत नाहीत. गाडीचा तळ ट्रॅकवरचं पाणी ओढून घेतो आणि मागच्या डिफ्यूझरमधून (तळाच्या मागच्या, वर उठलेल्या भागातून) वर फेकतो. जमिनीला चिकटून धावण्यासाठी जी रचना केली, तीच हा पांढरा पडदा उभा करते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण भावाची बाजूही कोणी तरी मांडायला हवी. २०२५ च्या स्पाला शर्यत १ तास २० मिनिटं उशिरा सुरू झाली. मग सेफ्टी कारमागे चार फेऱ्या, मग रोलिंग स्टार्ट, म्हणजे चालत्या गाड्यांनीच सुरुवात. आणि बारा-तेरा फेऱ्यांत सगळे कोरड्यासाठीच्या गुळगुळीत स्लिक टायरवर! याचा अर्थ ट्रॅक बराच आधी शर्यतीजोगा झाला होता. ओल्यातली सगळी झुंज आपल्याला दिसलीच नाही. व्हर्स्टॅपनने उघड नाराजी बोलून दाखवली आणि मला ती रास्त वाटते. आयर्टन सेनाने १९९३ च्या डोनिंग्टनला पहिल्याच फेरीत पाचव्या जागेवरून पहिली जागा घेतली. सेफ्टी कारमागे सुरुवात झाली असती तर ती फेरी झालीच नसती.

प्रतिसाद ३

मी हौशी मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा, अडकलेल्या गाड्या काढणारा) म्हणून शर्यतींना उभा राहिलो आहे, फॉर्म्युला वनला नाही, पण वेगवान सिंगल-सीटरना. कठड्यामागून दिसतं ते सांगतो.

जोराच्या पावसात गाडी आधी ऐकू येते. मग पांढऱ्या धुरळ्यात एक लाल ठिपका दिसतो, तो तिचा मागचा दिवा, म्हणजे गाडी आपल्यासमोरून पुढे गेलेली असते. पहिली गाडी नीट दिसते. दुसरीचं नुसतं नाक दिसतं. चौथी-पाचवी कुठे आहे ते आवाजावरून ताडायचं. अशा वेळी समोर एखादी गाडी आडवी थांबली असेल तर झेंडा हलवणाऱ्या माझ्या हाताला काय अर्थ उरतो? चालकाला झेंडा दिसायला हवा ना! आणि ती गाडी काढायला आमच्यातलाच कोणी तरी आत जाणार असतो. शर्यत थांबवली की लोक चालकांचा विचार करतात. ट्रॅकवर उतरणाऱ्या माणसांचाही करावा, एवढंच म्हणणं.

सुझुकाबद्दल: त्या अपघातानंतर २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. पूर्वी पिवळ्या झेंड्याखाली किती वेग कमी करायचा ते चालकाच्या मनावर होतं. ती लागू असताना सगळ्यांना ठरलेल्या वेळेपेक्षा हळूच जावं लागतं. शिवाय दिवसा होणारी शर्यत सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी सुरू व्हावी, अशी शिफारस चौकशी समितीने केली होती, कारण त्या दिवशी उजेडही कमी होत चालला होता. तरीही २०२२ मध्ये त्याच सुझुकाला, तशाच पावसात, गॅस्लीच्या वाटेत ट्रॅकवर पुन्हा तसंच वाहन आलं. रेडिओवर तो किती संतापला होता, ते ज्यांनी ऐकलं त्यांना सांगायला नको.

धागाकर्ती

खूप आभार. दिसणं आणि पकड हा फरक कोणी इतका सरळ सांगितलाच नव्हता. मार्शल दादा, तुमचा प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, फुल वेट टायर वापरायचेच नसतील तर बनवतात कशाला? हे मलाही कळत नाही. शर्यतभर सगळे हिरव्या पट्टीच्या इंटरवरच (कमी पाण्यासाठीच्या इंटरमीडिएट टायरवर) दिसतात.

प्रतिसाद १

भावाने दुखण्यावरच बोट ठेवलं आहे. निळ्या पट्टीचा फुल वेट ज्या पाण्यासाठी बनवला आहे, तेवढं पाणी साचलं की फवाऱ्यामुळे काही दिसत नाही आणि शर्यत थांबते. पाणी जरा कमी झालं की इंटर जास्त वेगवान ठरतो, तो ३०० किमीला सेकंदाला साधारण ३० लिटर पाणी काढतो. म्हणजे फुल वेटच्या वाट्याला फार थोडा काळ उरतो, आणि तोही बहुतेक सेफ्टी कारमागे जातो. म्हणून संघ इंटर लावून तग धरतात. मग पाऊस वाढला की इंटरवाल्या गाड्या पाण्यावर तरंगायला लागतात, एखादी भिंतीत जाते आणि लाल झेंडा येतो. २०२३ मध्ये पिरेलीने आधी टायर-ब्लँकेटने गरम न करता चालणारा नवा फुल वेट आणला. तो आधीच्यापेक्षा बरा आहे, पण दिसण्याचा प्रश्न टायरने सुटणारा नाही.

आणखी एक अडचण टीव्हीवर कळत नाही. सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या क्वालिफायिंगनंतर गाडीची जमिनीपासूनची उंची साधारणपणे बदलता येत नाही. कोरड्यासाठी खाली बसवलेली गाडी साचलेल्या पाण्यात गेली की टायरच्या आधी तिचा तळच पाण्यावर टेकतो. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो.

प्रतिसाद ४

मूळ प्रश्नातल्या रंगतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रंगत पावसाच्या जोराने येत नाही, ट्रॅक बदलत राहिल्याने येते. सतत सारखा धो धो पाऊस असेल तर गाड्या एकामागे एक, अंतर राखून जातात. खरी मजा तेव्हा, जेव्हा ट्रॅकचा एक भाग ओला, एक सुकत चाललेला, आणि टायर बदलायला पिटमध्ये कधी यायचं हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही.

२०११ ची कॅनडाची शर्यत मिळाली तर बघाच. दोन तासांहून जास्त थांबून, एकूण ४ तास ४ मिनिटं ३९ सेकंद चाललेली. जेन्सन बटन मधे शेवटच्या क्रमांकावर होता. अखेरच्या फेरीत पुढे सेबास्टियन फेटेल, ट्रॅकवर एकच कोरडी पट्टी उरलेली. फेटेलची गाडी त्या पट्टीच्या किंचित बाहेर, ओल्यावर गेली, मागची चाकं सुटली आणि बटन निघून गेला. त्या वेळी पाऊस पडतही नव्हता! पट्टीच्या रुंदीवर शर्यत फिरली.

बघताना चालकांच्या रेषा बघा. कोरड्यात सगळे जिथून जातात तिथे रबर बसलेलं असतं, पाऊस पडला की तेच निसरडं होतं. मग चांगला चालक बाहेरच्या, खरखरीत डांबराकडे जातो. सेना आणि २०१६ च्या ब्राझीलमधला व्हर्स्टॅपन, दोघांचं हेच. आणि ट्रॅक सुकू लागला की इंटरवाले सरळ रस्त्यावर मुद्दाम पाण्यातून जाताना दिसतील. ओल्या टायरचं मऊ रबर कोरड्यावर तापून फाटतं, ते थंड करायला.

प्रतिसाद ३

धागाकर्ती ताई, झेंडा योग्य वेळी पडला का हे ओळखायला माझी पद्धत सांगतो. हेलिकॉप्टरचं दृश्य सोडा, वरून सगळं स्वच्छ दिसतं. पुढे असलेल्या गाडीच्या कॅमेऱ्यावरही जाऊ नका. सातव्या-आठव्या गाडीच्या ऑनबोर्ड कॅमेऱ्यात बघा. समोरच्या गाडीचा लाल दिवा सरळ रस्त्यावर दिसतो का? ब्रेक लावायच्या जागेचे फलक दिसतात का? दोन्ही दिसत नसतील तर थांबवणं योग्यच, मग पाऊस कितीही असो. दिसत असतील आणि तरी सेफ्टी कार फेऱ्या मारत असेल, तर भावाची तक्रार खरी. स्पासारख्या लांब ट्रॅकवर हे जागेगणिक बदलतं. पिटपाशी कोरडं आणि तिथल्या केमेल या लांब सरळ रस्त्यावर पांढरा पडदा, असंही होतं. म्हणून तिथे रेस डायरेक्टरचं काम फार अवघड असतं.

धागाकर्ती

ही पद्धत मला फार आवडली, पुढच्या पावसात आम्ही दोघं ऑनबोर्डच लावू. शेवटचा एक प्रश्न. २०२१ च्या स्पासारखं पुन्हा होऊ शकतं का? लोक तासन्‌तास भिजत बसले, सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या झाल्या आणि निकाल लावून मोकळे झाले. तो प्रकार बघून मला चालकांपेक्षा त्या प्रेक्षकांचं वाईट वाटलं होतं.

प्रतिसाद २

तसा निकाल आता लागणार नाही. तेव्हा व्हर्स्टॅपन, जॉर्ज रसेल, लुईस हॅमिल्टन अशा क्रमाने अर्धे गुण दिले गेले, एकही फेरी खऱ्या शर्यतीची न होता. त्यानंतर नियम बदलला. सेफ्टी कार किंवा व्हर्च्युअल सेफ्टी कार नसताना किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुणच मिळत नाहीत, आणि पुढे शर्यत किती टक्के झाली त्यानुसार गुण टप्प्याटप्प्याने वाढतात. प्रेक्षकांना मात्र या नियमाने काही परत मिळत नाही. तिकिटाच्या भरपाईचं त्या त्या आयोजकावर आहे.