अडखळलेल्या तरुण सेंटरसाठी पहिल्या फेरीची निवड द्यावी का?

प्रश्न

मी ज्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीग) संघाचे सामने नियमाने पाहतो, तो गेले दोन हंगाम प्लेऑफच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि तिथेच अडतो. पहिल्या लाइनचा (एकत्र उतरणाऱ्या तीन आक्रमकांच्या गटाचा) सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, 33 वर्षांचा झाला आहे, दुसऱ्या लाइनवर मूळच्या विंगरला (कडेच्या आक्रमकाला) सेंटर म्हणून उभे करावे लागते, आणि एएचएलमधून (खालच्या लीगमधून) वर येऊन ही जागा घेईल असा कोणी सध्या दृष्टीस पडत नाही. अशा वेळी दुसऱ्या संघातील 21 वर्षांच्या एका सेंटरचे नाव सौद्यासाठी घेतले जात आहे. तीन वर्षांपूर्वीच्या ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत) तो पहिल्या पाचांत निवडला गेला होता. आज मात्र तो चौथ्या लाइनवर दहा-अकरा मिनिटे खेळतो, अधूनमधून त्याला बाहेरही बसवले जाते, आणि या हंगामातील त्याचे गोल एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्याच्या बदल्यात पुढील ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची निवड (म्हणजे निवडीचा हक्क) आणि आमच्या दुसऱ्या जोडीतील बचावपटू, अशी मागणी असल्याचे बोलले जाते.

एकविसाव्या वर्षी एखाद्याला निकालात काढणे घाईचे आहे, हे मला पटते. परंतु ज्या प्रशिक्षकांनी त्याला रोज सरावात पाहिले आहे, त्यांचाच संघ त्याला द्यायला तयार असेल, तर बाहेरून न दिसणारे काहीतरी त्यांना दिसले असावे, हीही शंका मनातून जात नाही. असा निर्णय नेमका कशाच्या आधारे घ्यावा?

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत: तो का अडखळतो आहे, आणि तुमच्या संघाकडे त्याला देण्यासारखे काय आहे. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि चाहत्यांच्या चर्चेत नेमका तोच मागे पडतो.

सॅम बेनेटचे उदाहरण पाहावे. 2014 च्या ड्राफ्टमध्ये कॅलगरीने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. तो मूळचा सेंटर, परंतु तिथे त्याचा बराच काळ विंगवर आणि खालच्या लाइनवर गेला. 2020-21 च्या हंगामात त्याने कॅलगरीकडून 38 सामन्यांत 12 गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) मिळवले होते. एप्रिल 2021 मध्ये फ्लोरिडाने दुसऱ्या फेरीची एक निवड आणि एमिल हाइनमन हा उमेदीचा खेळाडू देऊन त्याला घेतले, लगेच दुसऱ्या लाइनचा सेंटर केले आणि जोनाथन ह्युबरडोसारखा पास देणारा विंगर शेजारी दिला. त्या हंगामातील उरलेल्या 10 सामन्यांत त्याचे 15 गुण झाले. पुढे 2024 आणि 2025 असे दोन स्टॅन्ली कप (लीगची विजेतेपदे) त्या संघाने जिंकले आणि प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा 2025 चा कॉन स्माइथ पुरस्कार बेनेटलाच मिळाला. फ्लोरिडाने त्याच्यात कोणते नवे कौशल्य निर्माण केले असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती आणि त्या जागेवर त्याला चुका करण्याइतका वेळ मिळाला.

कापो काक्कोचे उदाहरण याहून साधे आहे. 2019 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. डिसेंबर 2024 मध्ये, संघ हरत असताना बाहेर बसवल्याबद्दल त्याने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली आणि थोड्याच दिवसांत तो सिएटलला गेला. बदल्यात विल बॉर्गन हा बचावपटू आणि तिसऱ्या व सहाव्या फेरीच्या निवडी देण्यात आल्या. सिएटलकडून उरलेल्या 49 सामन्यांत त्याने 30 गुण मिळवले. हा काही तारा नव्हे, पण वरच्या दोन लाइनवर निभावणारा खेळाडू आहे, आणि दिलेल्या किमतीत तेवढे पुरेसे होते.

तुमच्या संघात दुसऱ्या लाइनच्या सेंटरची जागा खरोखर रिकामी आहे. म्हणून माझे मत सौद्याच्या बाजूने आहे, मात्र प्रशिक्षक त्याला किमान चाळीस सामने त्या जागेवरून हलवणार नाहीत, अशी व्यवस्थापनाची तयारी असेल तरच.

प्रतिसाद २

वरील दोन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु दोन्हींमध्ये दिलेली किंमत नीट पाहावी. बेनेटसाठी दुसऱ्या फेरीची निवड गेली, काक्कोसाठी तिसऱ्या फेरीची निवड आणि मधल्या दर्जाचा बचावपटू. पहिल्या फेरीची निवड कोणीही दिली नाही. प्रश्नातील संघाकडून मात्र पहिल्या फेरीची निवड आणि बचावपटू, असे दोन्ही मागितले जात आहे. याचा अर्थ विकणारा संघ आजच्या चौथ्या लाइनच्या खेळाडूची नव्हे, तर तीन वर्षांपूर्वीच्या ड्राफ्टमधील क्रमांकाची किंमत मागतो आहे.

ही चूक किती महाग पडते हे एडमंटनने जून 2015 मध्ये दाखवून दिले. ग्रिफिन राइनहार्ट हा बचावपटू 2012 मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने चौथ्या क्रमांकावर निवडला होता. तीन वर्षांनंतर त्याच्या नावावर एनएचएलचे केवळ 8 सामने होते. तरीही एडमंटनने त्याच्यासाठी 16 व्या आणि 33 व्या क्रमांकाच्या निवडी मोजल्या. ज्युनियर स्तरावर तो एडमंटन ऑइल किंग्जचा कर्णधार होता, 2014 चा मेमोरियल कप (ज्युनियर विजेतेपद) त्या संघाने जिंकला होता, आणि त्या संघाची मालकी एनएचएलमधील एडमंटन ऑइलर्सच्याच मालकाकडे होती. म्हणजे खेळाडू त्यांच्या पाहण्यातला होता, आणि माझ्या मते घात इथेच झाला, कारण त्यांच्या मनातला राइनहार्ट हा ज्युनियरमधील राइनहार्ट होता. ऑइलर्सकडून तो 29 सामने खेळला, 2017 च्या विस्तार-ड्राफ्टमध्ये (नव्या संघासाठीच्या निवडीत) वेगासकडे गेला आणि एनएचएलमध्ये पुन्हा कधीही उतरला नाही. 16 व्या क्रमांकावर आयलंडर्सने मॅथ्यू बारझालला निवडले. 2017-18 मध्ये 85 गुण मिळवून तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला.

दुसरा धोका शरीराचा. कर्बी डाक 2019 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला. डिसेंबर 2020 मध्ये ज्युनियर विश्वस्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात त्याचे मनगट मोडले. जुलै 2022 मध्ये मॉन्ट्रियलने 13 व्या आणि 66 व्या क्रमांकाच्या निवडी देऊन त्याला घेतले आणि पहिल्या हंगामात 58 सामन्यांत 38 गुण पाहून सौदा साधला असे सर्वांनाच वाटले. पुढच्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले आणि तो हंगाम तिथेच संपला. मॉन्ट्रियलने मूर्खपणा केला असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याच्या अडखळण्यामागे दुखापतीचा इतिहास आहे, त्याच्यासाठी पूर्ण किंमत देणे म्हणजे तो इतिहास संपला आहे असे गृहीत धरणे होय.

तेव्हा माझे उत्तर: खेळाडू घ्यावा, परंतु या किमतीला नाही.

प्रतिसाद ३

थांबायला काय हरकत आहे? एइली टोल्वानेन हा 2017 मध्ये नॅशव्हिलने पहिल्या फेरीत निवडलेला विंगर. डिसेंबर 2022 मध्ये त्याला वेव्हर्सवर ठेवले गेले (म्हणजे दुसरा कोणताही संघ त्याला मोबदला न देता घेऊ शकत होता), सिएटलने काहीही न देता उचलले आणि त्याने त्या हंगामात त्यांच्यासाठी 48 सामन्यांत 16 गोल केले. अठराव्या वर्षी करार केलेल्या खेळाडूला साधारणपणे पाच वर्षे किंवा 160 एनएचएल सामने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत वेव्हर्समधून सूट असते. तुमचा सेंटर चौथ्या लाइनवर का होईना, पण एनएचएलमध्येच खेळतो आहे, म्हणजे 160 चा आकडा फार दूर नसावा. तो ओलांडल्यावर त्याचा संघ त्याला वेव्हर्सवर न ठेवता एएचएलमध्ये पाठवू शकणार नाही आणि मागणी आपोआप खाली येईल.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचा खुलासा

मागणी खाली येईल हे मान्य, परंतु पहिल्या पाचांत निवडलेला 21 वर्षांचा सेंटर वेव्हर्सपर्यंत पोहोचेल अशी आशा धरू नये. टोल्वानेन 30 व्या क्रमांकाचा विंगर होता. अशा सेंटरसाठी किमान सात-आठ संघ दूरध्वनी करतील आणि त्यांतला एखादा दुसऱ्या फेरीची निवड नक्की देईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या. त्याला मोठी दुखापत झालेली नाही. आणि मी त्याचे मागील काही सामने पुन्हा बारकाईने पाहिले: पक घेऊन मधला भाग ओलांडताना तो आजही सहज निसटतो, परंतु पलीकडे पोहोचल्यावर पास द्यायला कोणी नसते, कारण सोबतचे दोघे पक पुढे टाकून त्यामागे धावण्याच्या शिकवणीतले आहेत. त्याचे शॉट कमी नाहीत, गोल मात्र होत नाहीत. त्याचा प्रवेश-स्तराचा (नवोदित म्हणून केलेला पहिला) करार येत्या उन्हाळ्यात संपतो. या शेवटच्या गोष्टीने काही फरक पडतो का?

प्रतिसाद ४

फरक पडतो, आणि तो बराच मोठा आहे. त्याआधी शॉटबद्दल थोडेसे. लीगमध्ये जाळ्याच्या दिशेने गेलेल्या शॉटपैकी साधारण दहा टक्के गोल होतात. शॉट पुरेसे असूनही एखाद्याचे प्रमाण चार-पाच टक्क्यांवर अडकले असेल, तर त्यातला काही भाग निव्वळ दुर्दैव असतो आणि पुढच्या हंगामात तो भरून निघण्याचा संभव असतो. मात्र ते शॉट कुठून घेतले जातात हे तपासल्याशिवाय या आकड्यावर विसंबू नये. जाळ्यापासून दूर, निळ्या रेषेजवळून, कडेच्या कोनातून मारलेले शॉट कितीही वाढले तरी गोल वाढत नाहीत, आणि चौथ्या लाइनवरील खेळाडूच्या वाट्याला बहुधा असेच शॉट येतात. तुम्ही सांगितलेले दुसरे लक्षण मला अधिक आश्वासक वाटते. पक घेऊन नियंत्रणाने आत शिरण्याचे कौशल्य सोबतचे खेळाडू बदलले तरी टिकते. शिवाय पाय मंद असते तर ते इथेच उघडे पडले असते, आणि त्यावर नवा संघ हा काही इलाज नसतो.

आता कराराविषयी. प्रवेश-स्तराचा करार संपल्यावर तो मर्यादित मुक्त खेळाडू होईल. त्याच्या संघाने पात्रता-प्रस्ताव (नव्या कराराचा प्रस्ताव) दिला की हक्क त्यांच्याकडेच राहतात, परंतु इतर संघांना ऑफर शीट (स्वतःचा करार-प्रस्ताव, जो मूळ संघाने जुळवला नाही तर खेळाडू जातो) देता येते. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईसने नेमके हेच केले. एडमंटन सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरील मर्यादेच्या) कात्रीत सापडले होते. सेंट लुईसने फिलिप ब्रोबर्गला वार्षिक सुमारे 45.8 लाख डॉलर आणि डिलन हॉलोवेला सुमारे 22.9 लाख डॉलर देऊ केले, एडमंटनने ते जुळवले नाहीत, आणि दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या एकेका निवडीच्या मोबदल्यात दोघेही गेले. हॉलोवेने आदल्या हंगामात 38 सामन्यांत 9 गुण मिळवले होते. सेंट लुईसच्या पहिल्या हंगामात त्याचे 63 गुण झाले. अर्थात ही वाट दर वेळी खुली नसते. कॅपची मर्यादा 2024-25 मधील 8 कोटी 80 लाख डॉलरवरून 2025-26 मध्ये 9 कोटी 55 लाखांवर गेली आहे, त्यामुळे एडमंटनइतके अडचणीत सापडणारे संघ आता थोडे असतील. तरीही उन्हाळ्यात असा प्रस्ताव येऊ शकतो, हे विकणाऱ्या संघालाही ठाऊक आहे, आणि आज वाटाघाटीत तुमच्या व्यवस्थापकाच्या हातात असलेले हेच सर्वांत चांगले पान आहे.

घेतल्यानंतर काय, याचाही विचार आधीच करावा, कारण पुष्कळदा दुसरा संघही पहिल्याइतकाच अधीर निघतो. डिलन स्ट्रोमला ॲरिझोनाने 2015 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडले, नोव्हेंबर 2018 मध्ये शिकागोला दिले, आणि तिथे उरलेल्या 58 सामन्यांत त्याने 51 गुण मिळवले. एवढे होऊनही 2022 मध्ये शिकागोने त्याला पात्रता-प्रस्ताव दिला नाही आणि तो फुकट बाहेर पडला. वॉशिंग्टनने त्याला एका वर्षासाठी 35 लाख डॉलरवर घेतले; 2024-25 मध्ये त्याचे 82 गुण होते. सौदा शिकागोने केला आणि फळ वॉशिंग्टनला मिळाले. म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात एक वर्षाचा सावध करार करण्यापेक्षा, तो चमकण्याआधीच तीन-चार वर्षांचा मध्यम रकमेचा करार करावा असे मला वाटते. मॉन्ट्रियलने डाकशी चार वर्षांचा, वर्षाला सुमारे 33.6 लाख डॉलरचा करार केला होता. त्याचा गुडघा गेला ही वेगळी गोष्ट. त्या कराराच्या रचनेत मला तरी दोष दिसत नाही.

किमतीबाबत मी प्रतिसाद २ च्या जवळ आहे, परंतु पूर्णपणे नाही. दुखापत नसलेला, वेगवान, 21 वर्षांचा सेंटर दुसऱ्या फेरीच्या निवडीवर मिळणे कठीण आहे, कारण विंगरपेक्षा सेंटरचा भाव नेहमीच चढा असतो. पहिल्या फेरीची निवड द्यावी, पण ती संरक्षित असावी. नोव्हेंबर 2024 मध्ये मिनेसोटाने कोलंबसकडून डेव्हिड यिरिचेक हा बचावपटू घेताना दिलेली पहिल्या फेरीची निवड पहिल्या पाच क्रमांकांपुरती संरक्षित होती. तुमचा संघ मध्यावर घोटाळतो आहे, तेव्हा पहिल्या दहांपर्यंत संरक्षण मागावे; निवड त्या आत आली तर ती एक वर्ष पुढे ढकलली जाईल. दुसऱ्या जोडीतील बचावपटू मात्र अजिबात देऊ नये. सेंटरची जागा भरताना मागच्या फळीत नवे भगदाड पाडले, तर नवा मुलगा पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच क्षेत्रात अडकून पडेल आणि ज्या कौशल्यासाठी त्याला आणले ते दिसणारच नाही. त्याऐवजी तिसऱ्या जोडीतील कोणी किंवा एएचएलमधील बचावपटू पुढे करावा. तेवढ्यावर समोरचा संघ अडून बसला, तर ट्रेडच्या अंतिम मुदतीपर्यंत घाई न करता जूनमधील ड्राफ्टच्या आठवड्यात पुन्हा बोलावे. तोपर्यंत करार संपायला काही दिवसच उरलेले असतील.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचा शेवटचा शब्द

बचावपटू न देण्याबाबत सहमत आहे. जूनपर्यंत थांबण्याबाबत नाही. आजपासून हंगामाच्या शेवटापर्यंतचे सामने हीच त्याला दुसऱ्या लाइनवर पाहण्याची संधी आहे, आणि चार वर्षांचा करार करायचाच असेल तर ते पाहिल्यावर करणे बरे. त्यासाठी संरक्षित निवडीसोबत तिसऱ्या फेरीची एक निवड अधिक द्यावी लागली, तर मी ती देईन.