मदत हवी आहे: युरोपियम सल्फाइड आणि बिस्मथ सेलेनाइडच्या सीमेवर नक्की काय घडतं?

नमस्कार मंडळी. नाशिकला एमएस्सी फिजिक्स करतेय. चुंबकीय इन्सुलेटर (वीज वाहू न देणारा चुंबकीय पदार्थ, इथे युरोपियम सल्फाइड) आणि टोपोलॉजिकल इन्सुलेटर (आतून वीज अडवणारा पण पृष्ठभागावरून वाहू देणारा पदार्थ, इथे बिस्मथ सेलेनाइड) यांच्या सीमेवरचं चुंबकत्व हा सेमिनारचा विषय.

एकटं युरोपियम सल्फाइड साधारण १७ केल्विनच्या वर फेरोमॅग्नेटिक (म्हणजे स्वतःहून चुंबक) राहत नाही. पण बिस्मथ सेलेनाइडला चिकटलेल्या थरात चुंबकत्व खोलीच्या तापमानापर्यंत टिकतं, असा दावा २०१६ मध्ये न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमेट्रीवरून (थरांवरून परावर्तित होणारे न्यूट्रॉन मोजण्याची पद्धत) झाला. २०२० मध्ये मात्र एक्स-रे मोजमापांत बिस्मथ सेलेनाइडमध्ये चुंबकत्व उतरल्याची खूणच सापडली नाही! मग न्यूट्रॉनना दिसलं ते काय? दोन्ही पद्धती नेमकं काय मोजतात, कुणी समजावेल का? सर म्हणतात, 'दोन्ही बाजू मांड.' तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे कुणी जाणकार असेल तर भेटायलाही येईन.