पितळखोऱ्याच्या पायऱ्या आईला झेपतील का? (मदत हवी आहे)

राम राम मंडळी. दिवाळीआधी एखाद्या रविवारी धुळ्याहून पितळखोऱ्याला जायचं घाटतंय. गाडी घरचीच, सोबत दोन पोरं आणि सत्तरीतली आई. तिचा एक गुडघा दुखरा. जिना चढते, पण कठड्याला धरून.

पाटणादेवी बघून झालीय, चंडिकेचं देऊळ, डोंगरी नदी सगळं, त्यामुळे ते सुचवू नका. पितळखोरे तेवढं राहून गेलं. इसवी सनापूर्वी २ऱ्या शतकापासूनची लेणी, दगड ठिसूळ म्हणून दर्शनी भाग बराच ढासळलेला, तरी ४ नंबरच्या लेण्याच्या पायाशी ओळीने कोरलेले हत्ती अजून आहेत. आईला ते हत्तीच बघायचेत.

आम्ही चाळीसगावहून कन्नड घाट चढून पठारावर जाणार आणि वरून पायऱ्यांनी दरीत उतरणार. पाटणादेवीकडून रानातून जायचा विचार सोडलाय. गौताळा अभयारण्यात आईला चालवत न्यायचं म्हणजे नकोच.

चाळीसगावात ओळखीच्यांना विचारलं. एक म्हणतो, पायऱ्या सोप्या आहेत. दुसरा म्हणतो, उतरताना काही नाही, चढताना कळतं! व्हिडिओ बघावेत तर सगळे धबधब्यापुढे उभे. पायऱ्या कोणी दाखवेल तर शपथ.

हॉटेल, जेवण वगैरेची चिंता नाही, भाकरी-ठेचा बांधून नेऊ. यंदा पावसाळ्यात किंवा नंतर कोणी जाऊन आलं असेल तर एवढंच सांगा: पायऱ्यांना खालपर्यंत धरायला कठडा आहे का, आणि हत्तींपर्यंत पोचायला ओढ्याच्या पाण्यात उतरावं लागतं का?