एसजीओटी वाढलंय: व्हिस्की सोडून बिअरवर आलं तर चालेल का?

प्रश्न
वय ४५, बरीच वर्षं रोज १८० मिली व्हिस्की. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी १४२, एसजीपीटी ६१, जीजीटी ३१० (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स). बिलिरुबिन नॉर्मल, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर (यकृतात मध्यम प्रमाणात चरबी). कावीळ नाही, पोटात पाणी नाही. बिअरवर आलं तर भागेल का? सोडायचीच तर एकदम सोडावी का? लिव्हर टॉनिक घ्यावं का?

प्रतिसाद १
बिअरने काहीही साधणार नाही. यकृताला भार पडतो तो अल्कोहोलच्या ग्रॅमचा. मिलीला टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा, पुन्हा ०.७९ ने गुणा. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचे ६० मिली म्हणजे १९ ग्रॅम, ५ टक्क्यांची ५०० मिली बिअर म्हणजे जवळपास २०. स्ट्राँग, ८ टक्क्यांची असेल तर ३२. सध्या रोज ५७ ग्रॅम जातंय, हे फार आहे.

एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आणि जोडीला जीजीटी वाढलेलं, हे चित्र दारूचंच दिसतं. दारू पूर्ण बंद केली तर नुसती चरबी बहुधा काही आठवड्यांत उतरते. मात्र फायब्रोसिस (यकृतात व्रणाच्या ऊती साठणं) किती झालाय हे या आकड्यांतून कळत नाही. सिरॉसिस (फायब्रोसिसची शेवटची पायरी) असूनही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. म्हणून प्लेटलेट, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारा स्कॅन) करून घ्या. स्कॅनआधी तीन तास काही खायचं नाही. पिणं चालू असताना सुजेमुळे आकडा फुगलेला येतो, तेव्हा काही आठवडे बंद ठेवून पुन्हा करा.

प्रतिसाद २
रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये, आधी डॉक्टरांना गाठा. हात थरथरणं, घाम, धडधड ६ ते २४ तासांत सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. भ्रम, भास, ताप दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि त्यात जीव जाऊ शकतो. पूर्वी सोडताना फिट आली असेल तर भरतीच व्हा. थायमिन (बी१) ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा सोबत द्यावं लागतं. कमतरता असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

प्रतिसाद ३
टॉनिकने दारूचं नुकसान भरून निघत नाही. उलट, औषध चालू आहे म्हणून पिणं चालू राहतं, हा खरा तोटा.

घरच्यांसाठी एक कळकळीची विनंती: डायसल्फिरामची (दारू सोडवण्यासाठी देतात ती) गोळी जेवणात गुपचूप मिसळू नका. त्यावर दारू प्यायली गेली तर रक्तदाब कोसळतो, आणि ती गोळी स्वतःच यकृताला इजा करू शकते.

प्रथिनं कमी करण्याचा सल्ला जुना आहे. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम हवीत. सिरॉसिस निघालाच तर झोपण्यापूर्वी थोडं खाणंही हवं, रात्रभरच्या उपासाने स्नायू झिजतात. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या वर नको. सिरॉसिसमध्ये आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळाच. किडनी बिघडते, रक्तस्राव होतो. हिपॅटायटिस बी, सी तपासा आणि बी नसेल तर लस घ्या.