सोनोमातली बाटली युटाला का येत नाही?

सॉल्टलेकचा_नाशिककर:
मागच्या महिन्यात ताई आणि भावजी पुण्याहून आले होते, त्यांना कॅलिफोर्नियातलं सोनोमा दाखवलं, वाईनरींसाठी प्रसिद्ध आहे ते. एका छोट्या वाईनरीतली झिनफँडेल (त्याच नावाच्या द्राक्षाची वाईन) भावजींना फार आवडली. विमानाने परतायचं होतं, म्हणून म्हटलं सहा बाटल्या घरी पाठवून द्या. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता वाचला, "युटा?" म्हणाल्या आणि मान हलवली. फ्लोरिडाला पाठवतात म्हणे! आमच्याकडे वाईन मिळते ती सरकारी दुकानात, तिथे या वाईनरीचं नावही नाही. एकाच देशात हा काय प्रकार?

उगावचा_बागायतदार:
मी कॅलिफोर्नियातच लोडायजवळ एका वाईनरीत टाक्या आणि पिंपं सांभाळतो. गावी निफाडकडे आमची थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षाची बाग.

इथे 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठवणाऱ्या 21व्या घटनादुरुस्तीने दारूच्या कारभाराची दोरी राज्यांच्या हातात दिली. बनवणाऱ्याने दुकानं खिशात घालू नयेत म्हणून बहुतेक राज्यांनी मध्ये वितरक बसवला. आता राज्य बदललं की कायदा बदलतो. 2005 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वतःच्या वाईनरींना घरपोच पाठवू देता, तर परराज्यातल्यांना अडवता येणार नाही. पण सगळ्यांनाच सरसकट बंदी केली तर तो भेदभाव ठरत नाही. युटा त्यातलं.

वितरक म्हणजे आपला शिवार सौद्याचा, बागेत येऊन माल घेणारा व्यापारी समजा, फक्त टाय लावलेला. आमच्याकडून दहा डॉलरला निघालेली बाटली दुकानात विसाच्या आसपास दिसते. त्याच्या यादीत हजारो लेबलं, आमचं नाव तो कशाला घेईल? म्हणून लहान वाईनरी जगते ती टेस्टिंग रूम (आलेल्यांना चव दाखवून तिथेच विकायचं) आणि वाईन क्लबवर (सभासदांना थेट बाटल्या). टेस्टिंगचे पैसे घेतात म्हणून चिडू नका.

एडिसनकर:
दादा, वितरकाला एवढंही झोडू नका. मी न्यू जर्सीत एका लिकर स्टोअरचे हिशेब बघतो. वितरक नसता तर आमच्या मालकाने शंभर वाईनरींना फोन करत बसायचं का? उधारी, डिलिव्हरी, सगळं तोच बघतो. माझी तक्रार वेगळी. मोठं दुकान गाडीभर माल उचलतं, त्याला एक दर; आम्ही पाच खोकी घेतो, आम्हाला दुसरा.

सॉल्टलेकचा_नाशिककर:
आणखी एक. लेबलं ढीगभर, पण दहा-बारा डॉलरच्या वाईनची चव सारखीच, हे मलाच वाटतं का?

उगावचा_बागायतदार:
एडिसनकर, ते खरं. शिव्या घालूनही आम्ही वितरकाच्या मागे फिरतोच.

चवीबद्दल म्हणाल तर बेअरफूट आणि अपॉथिक ही लेबलं वेगळी, पण दोन्ही गॅलो या एकाच बड्या कंपनीची. बाटली फिरवून मागची ओळ वाचत जा. 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' असेल तर किमान 75 टक्के वाईन त्या ओळीत नाव असलेल्या वाईनरीने स्वतः आंबवलेली असते. 'सेलर्ड' किंवा 'व्हिंटेड' असेल तर तयार वाईन टँकरने विकत आणलेलीही असू शकते. आणि पुढे 'कॅबर्ने' हे द्राक्षाचं नाव छापायला 75 टक्के कॅबर्ने पुरते, उरलेल्यात काय घालायचं ते त्यांच्या मर्जीवर.

सगळ्यात शेवटी मरतो बागवाला. खप कमी झालाय, टाक्या भरलेल्या. 2024 मध्ये आमच्या शेजारच्या आजोबांनी झिनफँडेल वेलीवरच सोडली, तोडणीचाही खर्च निघेना. पुढे जेसीबी लावून बाग उपटली. माझ्या वयापेक्षा जुनी खोडं होती ती.

वडिलांना फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, "मग बेदाणा का नाही करत?"

एडिसनकर:
काय उत्तर दिलंत?

उगावचा_बागायतदार:
म्हटलं, दादा, या द्राक्षात बी असतं. तर म्हणाले, "मग लावलंच कशाला?"