मदत हवी आहे: विकिपीडियावर संस्थेच्या पानात केलेले बदल टिकत नाहीत

शिक्कामोर्तब
आमच्या शिक्षणसंस्थेचं विकिपीडियावर पान आहे. त्यात स्थापनेचं वर्ष चुकलंय आणि खाली ‘वाद’ म्हणून एक परिच्छेद कुणीतरी घुसडलाय. दोन्ही दुरुस्त केलं की अर्ध्या तासात जुनं परत येतं. चार वेळा झालं. पान कायमचं लॉक कसं करायचं? शताब्दीच्या निमंत्रणपत्रिकेवर पानाचा क्यूआर कोड टाकायचाय, शनिवारी छपाईला जातेय. विकिपीडियाच्या ऑफिसचा फोन नंबर असेल तर तोही द्या. अर्जंट आहे.

बेरकी बोका
मजकूर बदलून देणारं ऑफिस नाही, त्यामुळे फोनही नाही. पान सुरक्षित करणं प्रचालकांच्या (जादा अधिकार असलेल्या संपादकांच्या) हातात असतं आणि संस्थेने सांगितलं म्हणून ते करत नाहीत, कारण पान संस्थेचं नसतंच, संस्थेबद्दलचं असतं.

आता हे सांगा: मराठी विकिपीडिया की इंग्रजी? ‘आमच्या’ म्हणजे तुम्ही कोण? माजी विद्यार्थी, शिक्षक, विश्वस्त? आणि उलटवणाऱ्याने कारण काय दिलंय? पानाच्या ‘इतिहास’मध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात लिहिलेलं असतं.

अण्णा_सातपुडा
सोपं आहे. पानाच्या वर ‘चर्चा’ असं दिसेल, तिथे लिहा. कुणी उत्तर दिलं नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर टाका. बदल करताना खालच्या ‘बदलांचा आढावा’ या रकान्यात कारण लिहायला विसरू नका, तो रिकामा सोडलेला बदल पहिल्यांदा संशयात येतो.

डिजिटल_दौलत
चर्चाबिर्चा करत बसाल तर शताब्दी संपेल. दोन-तीन मोबाइलवरून वेगवेगळी खाती काढा आणि थोडे थोडे बदल करा, एकदम मोठा नको. संस्थेच्या वेबसाइटची लिंक चार ठिकाणी टाका, गुगल रँकिंगलाही फायदा होतो.

कोरांटी
दौलत, दोन्ही सल्ले घातक. विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना २००७ पासून ‘नोफॉलो’ (हा दुवा रँकिंगला धरू नका अशी सर्च इंजिनला खूण) लागलेलं आहे, रँकिंगसाठी तिथे लिंका टाकून मिळतो तो फक्त स्पॅमचा शिक्का. आणि एकाच माणसाच्या चार खात्यांना सॉकपपेट म्हणतात. चेकयुजर अधिकार असलेल्यांना खात्यांचा आयपी आणि ब्राउझरचा तपशील ९० दिवस दिसतो. ऑफिसच्या एकाच वायफायवरून तीन मोबाइल वापरले तर तीन माणसं होत नाहीत.

धागाकर्ते, बोक्याच्या प्रश्नांची उत्तरं द्या. त्याशिवाय सगळे अंधारात तीर मारतील.

शिक्कामोर्तब
इंग्रजी विकिपीडिया. ते सांगायचं राहिलं. मी संस्थेच्या कार्यालयात आहे, सचिवांनी हे काम माझ्याकडे दिलंय. कारणात ‘अनसोर्स्ड’ आणि ‘सीओआय’ असं लिहिलंय. स्वतःच्या संस्थेचं वर्ष आम्हाला माहीत नसणार तर कुणाला?

बेरकी बोका
आता गाडी रुळावर आली. सीओआय म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष. तुम्ही खोटं लिहिता असा तो आरोप नाही. ज्याचं मीठ खातो त्याच्याबद्दल तटस्थ लिहिता येणार नाही असं गृहीत धरून केलेली व्यवस्था आहे. खुद्द जिमी वेल्स यांनी २००५ मध्ये स्वतःच्या पानावर फेरफार केले होते, त्यावरून त्यांनाही टीका ऐकावी लागली.

तुमचं प्रकरण साध्या सीओआयच्या पुढचं आहे. नोकरीचा भाग म्हणून संपादन केलं की ते ‘पेड एडिटिंग’. विकिमीडिया फाउंडेशनच्या वापर अटींत जून २०१४ पासून ते उघड करणं बंधनकारक आहे: मालक कोण, काम कुणासाठी, संबंध काय. सदस्यपानावर, चर्चापानावर किंवा बदलांच्या आढाव्यात, तिन्हींपैकी एका ठिकाणी तरी.

ताकपिठलं
हे जरा ताणलं जातंय. ते कार्यालयात लेखनिक असतील तर पगार जावक नोंदवहीसाठी मिळतो, विकिपीडियासाठी नाही. शाळेतल्या मास्तरने हौसेने शाळेच्या पानावर एक ओळ लिहिली तर तोही पेड?

कोरांटी
मास्तरने स्वतःच्या हौसेने लिहिलं तर तो पेड नाही, पण सीओआय आहेच, आणि ते सांगणं अपेक्षित आहे. सचिवांनी सांगितलं म्हणून ऑफिसच्या वेळात लिहिलं की पेड. वेगळं मानधन मिळालं की नाही याला महत्त्व नाही. बिनपगारी इंटर्नलाही कर्मचारीच धरतात. बिनपगारी विश्वस्त हा सीओआय असलेला, पण पेड नसलेला. इथे धागाकर्त्यांनी ‘काम माझ्याकडे दिलंय’ असं स्वतःच लिहिलंय, त्यामुळे कीस काढण्यात अर्थ नाही.

पानवाचक
मुळात इंग्रजीतच पान का? मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथे लिहा की. पण शुद्धलेखन तपासून. तिथल्या लेखांत ‘शैक्षणीक’ वाचून डोळे दुखतात.

अण्णा_सातपुडा
मीही तेच म्हणतो. मराठीत माणसं कमी, इतका काच नाही.

बेरकी बोका
अण्णा, वापर अटी मराठीलाही त्याच आहेत. आणि माणसं कमी म्हणून लक्ष नाही हा गैरसमज. ‘अलीकडील बदल’ची यादी छोटी असते, त्यामुळे एकाच संस्थेवर सात बदल करणारं नवं खातं तिथे जास्तच उठून दिसतं. शिवाय क्यूआर कोड इंग्रजी पानाचा आहे.

शिक्कामोर्तब
ठीक आहे, उघड करतो. पण कुठे करणार? खातंच बंद केलंय. नाव संस्थेच्या आद्याक्षरांवर आणि पुढे १९२५ असं ठेवलं होतं. म्हणून काल दुसरं खातं काढलं, त्यावरून पाचवा बदल केला. तोही गेला.

कोरांटी
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं हो.

दुसऱ्या खात्यावरून आता काहीही करू नका. बंदीच्या सूचनेत नेमकं काय लिहिलंय ते वाचा, कारण बंदी दोन प्रकारची असते. फक्त नाव संस्थेचं आहे म्हणून घातलेली मवाळ बंदी असेल तर नव्या नावाने खातं काढायला परवानगी असते. पण नाव आणि प्रसिद्धीपर मजकूर अशी दोन्ही कारणं असतील तर बंदी कडक असते. मग नवं खातं म्हणजे बंदी चुकवणं, आणि तो वेगळा गुन्हा.

शिक्कामोर्तब
दोन्ही आहेत. ‘प्रमोशनल’ शब्द दोनदा आलाय.

कोरांटी
मग पहिल्या खात्याने लॉगिन करा. बंदी असली तरी स्वतःच्या सदस्य चर्चापानावर बहुधा लिहिता येतं. सूचनेतच अनब्लॉकचा साचा (विनंतीचा तयार नमुना) दिलेला असेल, नाव बदलून हवं असेल त्यासाठीचा वेगळा, तो वापरा. त्यात चार गोष्टी याव्यात: नवं नाव, संस्थेत नोकरीला आहे ही कबुली, दुसरं खातं काढलं होतं त्याचं नाव, आणि यापुढे पानात थेट बदल न करता चर्चापानावर विनंती करीन हे आश्वासन. दुसरं खातं आपणहून सांगा. नंतर सापडलं तर आधीच्या तीन वाक्यांवरचाही विश्वास जातो.

नाव माणसाचं हवं. ‘अमुक, तमुक संस्था’ असं दोन्ही जोडलेलं चालतं, नुसतं संस्थेचं चालत नाही. खातं एका माणसाचं असतं. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कार्यालयातल्या तिघांनी वापरायचा नाही.

ताकपिठलं
आणि चार वेळा बदल परत घातलेत, हे कुणी बोललंच नाही. २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं की तेवढ्यावरच बंदी येऊ शकते, मग तुमचं बरोबर असो की चूक. आणि ‘तीनपर्यंत माफ’ असाही अर्थ नाही.

डिजिटल_दौलत
एवढा व्याप करण्यापेक्षा एजन्सीला द्या. ठरावीक रकमेत पान ‘मॅनेज’ करून देतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बेरकी बोका
व्यनि करू नका. २०१५ मध्ये ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखलं जाणारं प्रकरण उघडकीला आलं. ३८१ खाती बंद झाली, २१० लेख उडवले गेले. त्यांची पद्धत बघा: ज्यांचे मसुदे नाकारले गेले अशा धंदेवाल्यांना गाठायचं, आम्ही विकिपीडियाचे जुने संपादक आहोत म्हणायचं, लेख चढवायचे पैसे घ्यायचे, आणि मग ‘पान उडू नये म्हणून’ दरमहा हप्ता. गल्लीतली खंडणी, फक्त ऑनलाइन.

पानवाचक
‘वाद’ परिच्छेदात आहे काय पण? फी वाढवली होती का?

शिक्कामोर्तब
फीचंच आहे. पालकांनी तक्रार केली होती, ती नंतर निकाली निघाली. पण परिच्छेदात फक्त तक्रार आहे. शिवाय आमच्या आत्ताच्या मुख्याध्यापिकांचं नाव घालून ‘पैसे खाल्ले’ अशा अर्थाचं एक वाक्य आहे, त्याला काहीच संदर्भ नाही.

पानवाचक
म्हणजे वाढवली होती. २०११ चा शुल्क विनियमन कायदा असूनही सगळीकडे हेच. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत कोण बसतं ते बघा एकदा…

कोरांटी
फीचा धागा वेगळा काढा.

धागाकर्ते, त्या परिच्छेदाचे तीन तुकडे करा. मुख्याध्यापिकांबद्दलचं बिनसंदर्भाचं वाक्य हयात व्यक्तींच्या धोरणाखाली ताबडतोब काढता येतं आणि हितसंबंध असलेल्यानेही ते काढायला हरकत नसते. तुम्ही पाचही वेळा अख्खा परिच्छेद उडवलात, म्हणून हे रास्त कारण त्याखाली गाडलं गेलं. आता बंदीत आहात, तर अनब्लॉकच्या विनंतीतच ते वाक्य निदर्शनास आणा, कुणीतरी काढेल.

तक्रारीची बातमी स्वतंत्र वर्तमानपत्रात आली असेल तर ती राहणार. आवडत नाही हे कारण होत नाही. पण तक्रार निकाली निघाल्याचं छापून आलं असेल तर ते जोडायची विनंती करा. आणि ‘वाद’ हे वेगळं शीर्षक काढून मजकूर ‘इतिहास’मध्ये घ्यावा, शंभर वर्षांच्या संस्थेत एका तक्रारीला पानाचा तिसरा भाग देणं प्रमाणाबाहेर आहे, असं मांडता येतं. ‘काढा’पेक्षा ‘प्रमाणात आणा’ हे मागणं मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

शिक्कामोर्तब
समजलं. वर्षाचं काय? नोंदणी प्रमाणपत्र स्कॅन करून टाकू का? सचिव म्हणतात स्मरणिका छापतोय त्यात १९२५ आहेच. विनंती अशी लिहिलीये: ‘सदर अग्रगण्य संस्थेची स्थापना १९२७ नसून १९२५ आहे, तरी कृपया दुरुस्ती व्हावी व वादग्रस्त मजकूर वगळावा.’

बेरकी बोका
नोंदणी प्रमाणपत्रावर कुठलं वर्ष आहे?

शिक्कामोर्तब
१९२७. पण १९२५ ला वाड्यात रात्रवर्ग सुरू झाला होता. शताब्दी त्यावरून धरलीये.

बेरकी बोका
म्हणजे ज्याने १९२७ लिहिलं त्याचं चूक नव्हतं! १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची तारीख धरली की १९२७, वर्ग धरला की १९२५. मग एक खोडून दुसरं कशाला, दोन्ही लिहायला सांगा.

‘अग्रगण्य’ काढा, त्याच शब्दाने ‘प्रमोशनल’ आणलाय. दोन मागण्या एका विनंतीत नकोत, एक अडली की दुसरीही अडते. अशी लिहा:

‘इतिहास’ विभाग, पहिलं वाक्य.
सध्या: संस्थेची स्थापना १९२७ मध्ये झाली.
हवं: १९२५ मध्ये रात्रवर्ग सुरू झाला; १९२७ मध्ये संस्थेची नोंदणी झाली.
आधार: (प्रकाशनाचं नाव, दिनांक, पृष्ठ)
कारण: दोन घटनांची वर्षं वेगळी आहेत.

चर्चापानावर ‘एडिट सीओआय’ हा साचा दोन्ही बाजूंना दोन-दोन महिरपी कंस घालून, रोमन अक्षरांत, आणि त्याखाली हे. साचा नसेल तर विनंती रांगेत लागतच नाही, नुसती पडून राहते. लावला तरी काही आठवडे लागतात, कधी महिने. शनिवार विसरा.

ताकपिठलं
आधाराच्या जागी स्मरणिका चालते की. संस्थेने स्वतःबद्दल दिलेली साधी माहिती स्वीकारतात.

कोरांटी
बिनवादाची असेल तर. इथे वर्षावरूनच पाच वेळा ओढाताण झालीये, आणि स्मरणिका या वर्षीची, म्हणजे शताब्दी साजरी करणाऱ्यांनीच छापलेली. प्रमाणपत्राचा स्कॅन तर प्रकाशित साहित्यच नाही. स्वतंत्र आणि छापील काहीतरी शोधा: जिल्ह्याचं गॅझेटिअर (शिक्षणाच्या प्रकरणात जुन्या संस्थांची वर्षं बऱ्याचदा असतात), त्या काळची वर्तमानपत्रं, दुसऱ्या कुणी लिहिलेला शहराचा इतिहास. ऑनलाइन नसलं तरी चालतं, तारीख आणि पान नीट द्या. आत्ताच्या पेपरातली पैसे देऊन छापलेली ‘शताब्दी विशेष’ पुरवणी देऊ नका. भारतीय वृत्तपत्रांतल्या पेड मजकुराबद्दल इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांना चांगलं ठाऊक आहे.

अण्णा_सातपुडा
संस्थापकांचा फोटोही टाका. पान भरल्यासारखं दिसतं.

शिक्कामोर्तब
फोटो सचिवांनाही हवाय, पण अध्यक्षांचा. स्टुडिओत काढून घेतलाय.

ताकपिठलं
स्टुडिओवाल्याची सही आणा, हक्क त्याचा.

बेरकी बोका
उलट. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काढवून घेणारा, वेगळा करार नसेल तर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ (ब). पण बिल अध्यक्षांच्या नावावर आहे की संस्थेच्या ते बघा, आणि ज्याचं असेल त्याने मुक्त परवान्याची ईमेल कॉमन्सच्या (विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात त्या साइटच्या) परवानगी पथकाला पाठवावी, संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून. मुक्त परवाना म्हणजे कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, तो फोटो वापरू शकेल हे अध्यक्षांना आधी सांगा. बोधचिन्हाला हा परवाना द्यावा लागत नाही. इंग्रजी विकिपीडियावरच अ-मुक्त प्रतिमा म्हणून ते चढवतात, कॉमन्सवर नाही.

शिक्कामोर्तब
फोटो राहू दे. क्यूआर कोड संस्थेच्या वेबसाइटचा करायला छापखान्यात सांगितलं. अनब्लॉकची विनंती टाकली, दुसरं खातंही सांगितलं. गॅझेटिअर बघितलं, त्यात १९२७ च आहे. १९२५ चे वर्तमानपत्रांचे अंक कुठे चाळायला मिळतील? नेमकी तारीख माहीत नाही, ‘दसऱ्याच्या सुमारास’ एवढंच.

कोरांटी
तुमच्या जिल्ह्याच्या जुन्या नगर वाचनालयात आधी विचारा, स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव खंड तिथेच असतात. मुंबई-पुण्याच्या पेपरात रात्रवर्गाची बातमी येण्याची शक्यता कमी. दसऱ्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे चार आठवडे बघा. सापडलं तर मास्टहेड आणि तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा. नाही सापडलं तर पानावर १९२७ राहील.

पानवाचक
सापडलं तर इथेही टाका. १९२५ मध्ये रात्रवर्गाची फी किती होती ते बघायचंय.