पहिल्याच वर्षी श्रोडिंगर कशाला?

मोलभाव
पदवीच्या पहिल्या वर्षी प्रगत सामान्य रसायनशास्त्राची सुरुवात थेट तरंगफलनापासून (इलेक्ट्रॉनचं वर्णन करणारं गणिती फलन) करण्याला माझा विरोध आहे. आंशिक विकलन शिकलेलंच नाही आणि समोर हे फलन ज्यातून मिळतं ते श्रोडिंगरचं समीकरण! ते अचूक सुटतं हायड्रोजनसारख्या एका इलेक्ट्रॉनपुरतं. हेलियम आला की अंदाजी उत्तरांवर भागवायचं. मुलं कक्षकांची (इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची शक्यता जास्त त्या भागांची) चित्रं पाठ करतात, बस्स. आधी समतोल आणि ऊष्मागतिकी (अभिक्रियांमधल्या ऊर्जेचा हिशोब) घ्या.

एकटा इलेक्ट्रॉन
नाही पटलं. ऑक्सिजनची लुईस रचना (ठिपक्यांनी इलेक्ट्रॉन दाखवणारी आकृती) काढा: दुहेरी बंध, सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं. प्रत्यक्षात द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, कारण त्यात दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात. रेणू-कक्षकांशिवाय (अख्ख्या रेणूवर पसरलेल्या कक्षकांशिवाय) हे कसं समजावणार? समीकरण सोडवा असं कोण म्हणतंय, त्याची उत्तरं वापरायला शिकवा.

मोलभाव
न सोडवता वापरायची म्हणजे घोकंपट्टीच की. आता माझ्या बाजूचं उदाहरण. नायट्रोजन, हायड्रोजन, अमोनिया समतोलात आहेत. तापमान आणि एकूण दाब स्थिर ठेवून आणखी नायट्रोजन सोडला. ल शातलिएचं तत्त्व (समतोल बिघडवला की तो बदलाच्या विरुद्ध सरकतो) पाठ असलेला लगेच म्हणणार, अमोनिया वाढेल. पण मिश्रणात नायट्रोजन आधीच निम्म्याहून जास्त असेल (मोलमध्ये), तर थोडा अमोनिया उलट फुटतो! आकारमान वाढतं, हायड्रोजनचा आंशिक दाब उतरतो, आणि समतोलाच्या समीकरणात त्याचा घन आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे कागदावर स्वतः सिद्ध करू शकतो. कक्षकांच्या बाबतीत असं काय करता येतं त्याला?

बफर
तुमचं चालू द्या, पण वर्गातलं दुखणं वेगळंच आहे. १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच बिनदिक्कत ८ लिहितात. आम्ल पातळ करून अल्कली झालं! पाण्याचे स्वतःचे आयन धरले तर २५ अंश सेल्सिअसला उत्तर ६.९८ येतं. क्रम कुठलाही लावा, उत्तर शक्य कोटीतलं आहे का हे कुणी तपासत नाही.

एकटा इलेक्ट्रॉन
बफर, मान्य. मोलभाव, अमोनियाचं उदाहरण झकास आहे. पण नायट्रोजन मुळात इतका आळशी का? त्याचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात म्हणून. हे ऊष्मागतिकीत कुठे आलं?

मोलभाव
तिथेच तर आलं. तो आकडा प्रयोगातून मिळालाय, तरंगफलनातून नव्हे.

एकटा इलेक्ट्रॉन
मिळाला असेल. पण नायट्रोजनला ९४५ आणि शेजारच्या ऑक्सिजनला ४९८च का, हे तुमच्या बंध-ऊर्जांच्या तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहिलंय?